बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्व गुणविशेषांचे मापन : संक्षिप्त प्रश्नावलीची निर्मिती आणि तिच्या वापराच्या मर्यादा

प्रास्ताविक

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व व्यवस्थापन या विद्याशाखांतील संशोधनात प्रश्नावली हे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. संशोधक बहुधा एकाच बैठकीत तीन-चार मापनश्रेण्या प्रतिसादकापुढे ठेवतो. विधानांची एकूण संख्या दीडशे-दोनशेच्या घरात गेली की प्रतिसादकाची एकाग्रता ढळते आणि शेवटच्या पानांवर मधल्या रकान्यात एकाखाली एक खुणा दिसू लागतात. अशा प्रतिसादांवर केलेले कोणतेही सांख्यिकीय संस्करण अखेर त्या कंटाळ्याचेच मापन करीत असते. यावर उपाय म्हणून प्रदीर्घ प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती तयार करण्याकडे गेल्या काही दशकांत कल वाढला आहे. मात्र प्रश्नावलीतील काही विधाने गाळून उरलेली वापरणे आणि संक्षिप्त प्रश्नावलीची शास्त्रशुद्ध निर्मिती करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीच्या संक्षिप्त आवृत्तीच्या आधारे हा फरक स्पष्ट केला असून, अशा साधनाचा उपयोग कोठे करावा व कोठे टाळावा याची चर्चा केली आहे.

मूळ प्रश्नावली

परक्या संस्कृतीत जाऊन राहणारी, तेथे काम वा अध्ययन करणारी काही माणसे अल्पावधीत रुळतात. काही मात्र कामात निष्णात असूनही निराश होऊन परततात. या फरकामागे ज्ञान व भाषा यांखेरीज व्यक्तिमत्त्वाचाही वाटा असावा, या विचारातून नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील कारेन फान देर झे आणि यान पीटर फान औडेनहोव्हन यांनी ‘बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्व प्रश्नावली’ विकसित केली. तिचे पहिले विवरण २००० साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी संशोधकांनी सात गुणविशेष गृहीत धरले होते. घटक विश्लेषणात मात्र चारच घटक ठळकपणे पुढे आले. २००१ मधील पुढील अभ्यासानंतर प्रश्नावली पाच उपश्रेण्यांवर स्थिरावली आणि तिचे ९१ विधानांचे रूप रूढ झाले.

सांस्कृतिक समानुभूती, मनाचा खुलेपणा, सामाजिक पुढाकार, भावनिक स्थैर्य आणि लवचीकता हे ते पाच गुणविशेष होत. भिन्न संस्कृतीतील व्यक्तींच्या भावना, विचार व वर्तन समजून घेण्याची क्षमता म्हणजे सांस्कृतिक समानुभूती. परगटाविषयी व त्याच्या मूल्यांविषयी पूर्वग्रहरहित वृत्ती म्हणजे मनाचा खुलेपणा. संबंध जोडण्यासाठी स्वतः होऊन पाऊल उचलणे हा सामाजिक पुढाकार, ताणाच्या प्रसंगी शांत राहणे हे भावनिक स्थैर्य, तर जुनी सवय निरुपयोगी ठरताच नवी रीत स्वीकारणे ही लवचीकता. पहिल्या दोन उपश्रेण्यांत प्रत्येकी १८, सामाजिक पुढाकारात १७, भावनिक स्थैर्यात २० आणि लवचीकतेत १८ विधाने आहेत. प्रत्येक विधान आपणास कितपत लागू पडते हे प्रतिसादक पाच बिंदूंच्या श्रेणीवर नोंदवितो.

व्यक्तिमत्त्वाच्या सुप्रसिद्ध पंचघटक प्रतिमानाशी या उपश्रेण्यांचे नाते उघड आहे. सामाजिक पुढाकार बहिर्मुखतेच्या, भावनिक स्थैर्य चेतापदशेच्या विरुद्ध टोकाच्या, तर मनाचा खुलेपणा अनुभवोत्सुकतेच्या जवळचा आहे. मग स्वतंत्र साधन कशाला, असा आक्षेप घेता येईल. प्रश्नावलीकर्त्यांची भूमिका अशी की, सर्वसाधारण गुणविशेषापेक्षा आंतरसांस्कृतिक प्रसंगाशी निगडित असलेला गुणविशेष त्या प्रसंगातील वर्तनाचे पूर्वानुमान अधिक नेमकेपणाने करतो. ही भूमिका तर्कसंगत आहे. तथापि सांस्कृतिक समानुभूती आणि मनाचा खुलेपणा या दोहोंतील सहसंबंध अनेक अभ्यासांत बराच उच्च आढळला असून, त्या खरोखर दोन उपश्रेण्या आहेत काय, ही शंका पूर्णतः मिटलेली नाही.

साधनाची उपयुक्तता दर्शविणारे एक उदाहरण येथे पुरेसे ठरावे. तैवानमध्ये कार्यरत असलेल्या पाश्चात्त्य व्यावसायिकांच्या समायोजनाचा अभ्यास फान औडेनहोव्हन, मोल आणि फान देर झे यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात समायोजनाचे सर्वांत सातत्यपूर्ण पूर्वानुमान भावनिक स्थैर्यावरून करता आले. सांस्कृतिक समानुभूतीचा संबंध जीवनविषयक समाधानाशी व यजमान देशात लाभणाऱ्या सामाजिक आधाराशी दिसून आला. पाच गुणविशेष वेगवेगळ्या परिणामांशी जोडलेले आहेत, याचा अर्थ असा की प्रश्नावली लहान करताना पाचांपैकी एकही दुबळा होऊन चालत नाही.

फान देर झे, फान औडेनहोव्हन आणि न्यूयॉर्क येथील फोर्डहॅम विद्यापीठाशी संबंधित असलेले पाँटेरोटो व फिट्झर यांनी २०१३ साली संक्षिप्त आवृत्ती सादर केली. तीत प्रत्येक उपश्रेणीची आठ, अशी एकूण ४० विधाने आहेत. म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे ४४ टक्के.

विधाने घटली की काय घटते

मापनाची विश्वसनीयता विधानांच्या संख्येवर अवलंबून असते, हे स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्रावरून ज्ञात आहे. प्रत्येक विधानात खऱ्या गुणविशेषाचा अंश असतो आणि योगायोगाचाही. विधाने वाढत जातात तसे योगायोगाचे अंश परस्परांना छेदतात व गुणविशेषाचा अंश साचत जातो. उदाहरणादाखल १८ विधानांच्या एखाद्या उपश्रेणीचा अल्फा गुणांक ०.८५ आहे असे मानू. तीतून सरासरी दर्जाची आठ विधाने ठेवली, तर सूत्रानुसार अल्फा ०.७२ वर येतो. २० विधानांच्या उपश्रेणीतून आठ ठेवल्यास तो ०.६९ पर्यंत उतरतो. (हे आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत, ते प्रत्यक्ष प्रश्नावलीचे निष्कर्ष नव्हेत.)

०.७० हा आकडा पाठ्यपुस्तकांतून इतका रुजला आहे की, त्याच्या वर राहण्यासाठी संक्षिप्तीकरण करणारा संशोधक सहज एक वाट धरतो. परस्परांशी सर्वाधिक सहसंबंध असलेली विधाने निवडली की अल्फा घसरत नाही. वरील उदाहरणात १८ विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.२४ येतो. त्याऐवजी सरासरी ०.४५ सहसंबंध असलेली आठ विधाने शोधून काढली, तर अल्फा ०.८७ होतो, म्हणजे मूळ दीर्घ उपश्रेणीपेक्षाही अधिक! वरवर पाहता हे यश वाटते. परंतु इतका उच्च परस्परसंबंध असणारी विधाने पुष्कळदा एकच गोष्ट शब्द बदलून विचारीत असतात. ‘नव्या लोकांशी मी सहज बोलू शकतो’, ‘अनोळखी माणसांशी बोलणे मला सोपे जाते’ आणि ‘अपरिचितांशी संवाद सुरू करताना मला अवघडल्यासारखे होत नाही’ ही तीन विधाने मिळून एकाच विधानाचे काम करतात. सामाजिक पुढाकारात गटाचे नेतृत्व करणे येते, मैत्री टिकविणे येते, गैरसमज झाल्यास स्वतः होऊन खुलासा करणे येते. ते सारे या निवडीत बाहेर राहते. मापन अचूक होते, पण ते मूळ संकल्पनेच्या एका कोपऱ्याचे.

संक्षिप्त आवृत्तीतील लवचीकतेची उपश्रेणी या दृष्टीने विचार करायला लावते. तिच्यातील आठही विधाने लवचीकतेची नसून तिच्या अभावाची आहेत, म्हणजे सर्वांचे गुणांकन उलट दिशेने करावे लागते. त्यांतील काही विधाने नियमांनुसार, योजनेनुसार वा ठरीव पद्धतीनुसार काम करण्याविषयीची असल्याने अर्थाने परस्परांच्या अगदी निकट आहेत. आंतरिक सुसंगती यामुळे नक्कीच साधते. पण नियोजनबद्ध रीतीने काम करणारी व्यक्ती परक्या देशात गेल्यावर आपली योजना बदलू शकत नाही, असे मानण्यास काय आधार आहे? शिस्त आणि ताठरपणा या दोहोंत भेद आहे आणि आठ विधानांच्या मर्यादेत तो निसटण्याची शक्यता अधिक आहे. सर्व विधाने एकाच दिशेची असल्यामुळे सर्वच विधानांना मान्यता देत जाण्याची प्रतिसादकाची सवय आणि त्याची खरी वृत्ती या दोन्ही गोष्टी एकाच गुणांकात मिसळतात, हा दुसरा दोष.

निवडीचे निकष आणि स्वतंत्र पुरावा

यास्तव विधानांची निवड करताना घटक विश्लेषणातील भारांक हा एकच निकष पुरेसा नाही. प्रथम संकल्पनेचे उपांग निश्चित करून प्रत्येक उपांगास किमान एक-दोन विधाने मिळतील अशी तरतूद करावी लागते. नंतर त्या त्या उपांगातील अधिक भारांकाची आणि अन्य उपश्रेण्यांवर अल्प भारांक असलेली विधाने घ्यावीत. सांस्कृतिक समानुभूती व मनाचा खुलेपणा यांसारख्या निकटवर्ती उपश्रेण्यांच्या बाबतीत हा दुसरा निकष फार महत्त्वाचा ठरतो. दोन्हींवर सारखाच भार टाकणारे विधान गाळले, तर भेद स्पष्ट होतो. मात्र असा भेद वस्तुस्थितीत आहे की केवळ निवडीतून उत्पन्न झाला, हे पुन्हा तपासावे लागते.

ही तपासणी त्याच नमुन्यावर करता येत नाही. ज्या प्रतिसादांच्या आधारे विधाने निवडली, त्याच प्रतिसादांवर त्यांची रचना तपासणे म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधी देऊन मग परीक्षा घेणे. त्या विशिष्ट नमुन्यातील योगायोगांचा लाभ निवडीला मिळालेला असतो. म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र नमुन्यावर केवळ संक्षिप्त आवृत्तीच देऊन पुष्टीकारक घटक विश्लेषण करणे आवश्यक असते. ‘केवळ’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. ९१ विधानांच्या गर्दीत एखाद्या विधानाला मिळालेला प्रतिसाद आणि ४० विधानांत त्यालाच मिळणारा प्रतिसाद सारखा असेलच असे नाही. आधीच्या विधानाने प्रतिसादकाच्या मनात जागविलेला संदर्भ बदललेला असतो.

दीर्घ व संक्षिप्त आवृत्तींमधील सहसंबंध ०.९० च्या वर असल्याचे अनेक प्रबंधांतून अभिमानाने नोंदविले जाते. हे दोन्ही गुणांक बहुधा एकाच वेळी भरलेल्या एकाच प्रश्नावलीतून काढलेले असतात. संक्षिप्त आवृत्तीतील आठ विधाने दीर्घ आवृत्तीतही आहेतच. त्यांचा स्वतःशी असलेला सहसंबंध आणि त्यांतील सामाईक त्रुटी या आकड्यात मिळालेली असते. दोन आवृत्ती काही आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा स्वतंत्रपणे भरून घेतल्यास हाच सहसंबंध पुष्कळ खाली येतो. ग्रेगरी स्मिथ, डेनिस मॅकार्थी व क्रिस्टन अँडरसन यांनी २००० साली संक्षिप्त चाचण्यांच्या निर्मितीतील दोषांवर लिहिलेल्या लेखात दोन मूलभूत चुकीची गृहीतके दाखवून दिली होती. दीर्घ चाचणीच्या सप्रमाणतेचा पुरावा आपोआप संक्षिप्त चाचणीला लागू होतो, हे पहिले. संक्षिप्त चाचणीसाठी कमी पुरावाही चालतो, हे दुसरे. तो लेख प्रसिद्ध होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी दोन्ही गृहीतके अद्याप टिकून आहेत.

मराठी रूपांतराचे प्रश्न

भाषांतर व पुनर्भाषांतर ही पद्धत ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि महाराष्ट्रातील संशोधकही तिचा सर्रास अवलंब करतात. परंतु दोन भाषांतरकारांचे शब्द जुळले म्हणजे मापन जुळले असे होत नाही. या प्रश्नावलीपुरत्या दोन अडचणी थेट मराठीच्या व्याकरणातून उद्भवतात.

इंग्रजी विधानांत कर्ता नसतो. क्रियापदानेच विधानाचा आरंभ होतो. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते. ‘इतरांचे ऐकून घेतो’ असे छापले की महिला प्रतिसादकाला ते विधान परके वाटते. ‘घेतो/घेते’ असे दुहेरी रूप ४० वेळा वाचणे त्रासदायक होते. म्हणून भाषांतरकार ‘मला इतरांचे ऐकून घ्यायला आवडते’ अशा रचनेकडे वळतो आणि नकळत वर्तनाविषयीचे विधान आवडीविषयीचे होऊन जाते. ऐकून घेणे आणि ऐकून घ्यायला आवडणे या एकच गोष्टी नव्हेत. स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी दोन स्वतंत्र प्रती छापणे, हा खर्चिक असला तरी अर्थाला धक्का न लावणारा मार्ग आहे.

दुसरी अडचण नकाराची. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ताण आला तरी मी विचलित होत नाही’ या विधानापुढे ‘मुळीच लागू नाही’ हा पर्याय असेल, तर प्रतिसादकाला लागोपाठ दोन नकार जुळवून अर्थ लावावा लागतो. घाईत भरणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. १८-२० विधानांच्या उपश्रेणीत अशी एक-दोन विधाने बिघडली तरी गुणांक फारसा ढळत नाही. आठांत दोन बिघडली की चौथा हिस्सा गेला. दीर्घ आवृत्तीत झाकला जाणारा भाषांतराचा दोष संक्षिप्त आवृत्तीत उघडा पडतो, हे मराठी रूपांतर करणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावयास हवे.

याहून खोल प्रश्न संकल्पनेचा आहे. मूळ प्रश्नावली परदेशगमनाचा प्रसंग समोर ठेवून घडलेली आहे. आपल्याकडे नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेली विद्यार्थिनी पासपोर्टाविनाच दुसऱ्या संस्कृतीत दाखल होते. भाषेची ढब, जेवण, सण, जात व धर्म यांविषयीचे उघड-अनुघड संकेत, सारेच तिला नवे असते. तिच्यासाठी ‘भिन्न संस्कृती’ या शब्दांनी परदेशाचेच चित्र उभे राहत असेल, तर तिचा प्रतिसाद तिच्या रोजच्या अनुभवाला स्पर्शच करणार नाही. म्हणून केवळ भाषांतर न करता काही प्रतिसादकांना विधाने मोठ्याने वाचावयास लावून त्यांनी काय अर्थ घेतला हे ऐकणे, ही प्राथमिक पायरी वगळू नये. त्यानंतरच दोन भाषिक गटांत घटकरचना, भारांक व विधानांचे आरंभबिंदू समान आहेत काय, हे मापन-समानतेचे परीक्षण करावे. आरंभबिंदू समान नसतील, तर मराठी व डच विद्यार्थ्यांच्या सरासरींची तुलना करण्यास आधार उरत नाही. इटालियन रूपांतराच्या वेळी लिओने व सहकाऱ्यांनी २००५ साली डच नमुन्याशी तुलना करून अशी तपासणी केली होती. मराठीसाठीही हा मार्ग अनुसरता येईल.

गटाचा अभ्यास आणि व्यक्तीची निवड

संक्षिप्त प्रश्नावलीचे खरे सामर्थ्य गटविषयक संशोधनात आहे. समजा, गुणविशेष व समायोजन यांत खरा सहसंबंध ०.४० आहे आणि समायोजनाच्या मापनाची विश्वसनीयता ०.८० आहे. प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८५ असता संशोधकाला प्रत्यक्षात ०.३३ सहसंबंध मिळेल, ती ०.७२ असता ०.३० मिळेल. फरक किरकोळ आहे आणि काही अधिक प्रतिसादक घेऊन त्याची भरपाई होऊ शकते. निम्म्याहून कमी वेळात प्रश्नावली भरून होत असल्याने अधिक प्रतिसादक मिळविणे शक्यही होते. वाचलेल्या वेळेत दुसरी मापनश्रेणी देता येते, हा आणखी एक लाभ.

एका व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा असता गणित पालटते. विद्यार्थी आदान-प्रदान कार्यक्रमासाठी निवड, परदेशातील नेमणूक, वसतिगृहातील समुपदेशनासाठी विद्यार्थी हेरणे अशा प्रसंगी गुणांकाभोवतीची अनिश्चितता महत्त्वाची ठरते. सरासरी ५० व प्रमाण विचलन १० असलेल्या टी-गुणांकांवर ०.८५ विश्वसनीयतेला मापनाची प्रमाण त्रुटी ३.९ येते, ०.७२ ला ५.३. पंचावन्न गुणांक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा गुणांक दीर्घ प्रश्नावलीनुसार ढोबळमानाने ४७ ते ६३ च्या दरम्यान, तर संक्षिप्तनुसार ४५ ते ६५ च्या दरम्यान असू शकतो. दोन उमेदवारांची परस्परांशी तुलना करताना त्रुटी आणखी वाढते, कारण ती दोन्हींकडून येते. भावनिक स्थैर्यात एक उमेदवार दुसऱ्याहून खरोखर सरस आहे असे ९५ टक्के विश्वासाने म्हणण्यासाठी दीर्घ प्रश्नावलीवर सुमारे ११ गुणांकांचे, तर संक्षिप्त प्रश्नावलीवर सुमारे १५ गुणांकांचे अंतर लागते. निवड समित्यांपुढील गुणवत्ता यादीत शेवटच्या निवडलेल्या व पहिल्या नाकारलेल्या उमेदवारांत एवढे अंतर क्वचितच असते. बहुधा ते एक-दोन गुणांकांचेच असते. शिवाय, निवडीच्या प्रसंगी कोणत्या रकान्यात खूण केली असता आपली प्रतिमा उजळेल, हे उमेदवाराला सहज कळते. आठ विधानांच्या उपश्रेणीत तसे करणे अधिकच सोपे. अशा ठिकाणी ४० विधानांच्या गुणांकांवर किमान मर्यादा आखून नावे गाळू नयेत. मुलाखतीत कोणत्या बाबींविषयी अधिक विचारावे, हे ठरविण्यापुरताच त्यांचा आधार घ्यावा आणि निर्णय मुलाखत, पूर्वानुभव व शिक्षकांचे अभिप्राय यांवर सोपवावा.